पडद्याचा काठ

डॉक्टरांनी नादकाटा हातावर हलकेच आपटला, त्याचा दांडा माझ्या कपाळावर मधोमध टेकवला आणि विचारलं, "कुठल्या कानात ऐकू येतंय?"

मी जरा थांबले. आवाज डाव्या कानात येत होता. स्वच्छ, गोल, बराच वेळ रेंगाळणारा. ज्या कानाने लहानपणापासून मला धड काही ऐकवलं नव्हतं, त्याच कानात तो नाद भरून राहिला होता.

"डाव्या. पण बिघडलेला तर तोच आहे."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहू लागल्या.

कारण त्यांनी नंतर सांगितलं. कपाळाच्या हाडातून नाद दोन्ही बाजूंच्या आतल्या कानांपर्यंत सारखाच जातो. पण चांगल्या कानात त्याच वेळी पंख्याची घरघर, बाहेरच्या रिक्षा, शेजारच्या खोलीतलं बोलणं असं सगळं शिरत असतं आणि त्या गजबजीत हाडातून आलेला नाद बुडून जातो. ज्या कानाची बाहेरची वाटच बंद आहे, तिथे ही गजबज पोचत नाही. तिथे नाद एकटाच असतो, म्हणून ठळक वाटतो. आतली नस कमजोर असती तर हाच आवाज उजवीकडे गेला असता. लाइपझिगच्या वेबर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी १९व्या शतकापासून चालत आली आहे. अर्ध्या मिनिटात, विजेच्या एकाही यंत्राशिवाय डॉक्टरांना कळलं की माझ्या डाव्या कानाच्या आत सगळं जागं आहे. इतकी वर्षं तो कान मेला असं मी धरून चालले होते, आणि तो आत वाट बघत बसला होता. दवाखान्यातल्या त्या खुर्चीत माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते या समजुतीने.

आमचं गाव कृष्णाकाठचं, वाईच्या खाली. एका पावसाळ्यात मला सर्दी झाली आणि ती कानात उतरली. रात्रभर कान ठणकत होता. आई मांडीवर डोकं घेऊन बसली होती, आजी तव्यावर फडकं गरम करून शेकत होती. पहाटे ठणका एकाएकी थांबला आणि उशीवर पिवळट ओला डाग दिसला. "कान फुटला. आता दुखायचं नाही," आजी म्हणाली. तिचं खरं होतं. पडद्यामागच्या पोकळीत पू साठतो, त्याचा दाब वाढत जातो, पडदा ताणून ताणून अखेर फाटतो आणि दाब सुटला की वेदनाही सुटते. ही पोकळी एका बारीक नळीने नाकाच्या मागच्या बाजूला घशाशी जोडलेली असते. लहान मुलांत ती नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीला कानापर्यंत जायला फार वेळ लागत नाही. असं पडलेलं भोक पुष्कळदा आपोआप भरून येतं. माझं आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात कान पुन्हा वाहिला, त्याच्या पुढच्यातही.

मग त्या कानाभोवती घराने एक शिस्त बांधली. न्हाण्याच्या दिवशी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून तो कानात बसवायचा. पावसात डोक्यावरून पदर नाहीतर इरलं. नदीत उतरायचं नाही. सुट्टीत आते-मामेभावंडं घाटावरून धडाधड उड्या मारायची आणि मी पायरीवर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायची. कुणी जास्त वेळ पाण्याखाली राहिलं की जीव घाबरायचा, मी हाका मारायची. वर आल्यावर ती म्हणायची, "खाली काहीच ऐकू येत नाही गं." हे वाक्य पुढे मला फार उपयोगी पडलं, ते सांगेनच. नाक जोरात शिंकरलं की माझ्या डाव्या कानातून बारीक शिट्टी निघायची आणि ती ऐकायला भावंडं कान लावून रांगेत उभी राहायची. शाळेत मी डावीकडच्या भिंतीला चिकटून बसायची, म्हणजे बाई आणि सगळा वर्ग उजव्या कानाच्या बाजूला येई. रस्त्यात नेहमी सोबतच्या माणसाच्या डावीकडून चालायची. उजवा कान उशीत दाबून झोपलं की घर नाहीसं व्हायचं, आणि खरं सांगते, परीक्षेच्या दिवसांत ती शांतता मला आवडायचीही.

एकच गोष्ट कधी अंगवळणी पडली नाही. एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. आई परसातून हाक मारायची आणि मी माजघरात गोल फिरून तिला शोधायची. दोन कानांत पोचणाऱ्या आवाजातला वेळेचा आणि जोराचा जो अगदी बारीक फरक असतो, त्यावरून मेंदू दिशा ठरवतो. माझ्या जगात माणसांचे आवाज होते, त्यांच्या जागा नव्हत्या.

डॉक्टरांनी आधी उजव्या, चांगल्या कानात दुर्बीण घातली आणि पडदा समोरच्या स्क्रीनवर दाखवला. मी इतकी सुंदर वस्तू माझ्या स्वतःच्या शरीरात असेल असं कधी मनात आणलं नव्हतं. मोतिया राखाडी रंग, आरपार नाही पण प्रकाश आत मुरू देणारा. मधोमध किंचित आत ओढलेला, कारण हातोडी नावाच्या हाडाची मूठ त्याच्यात वरून खालपर्यंत रुतलेली असते. त्या मुठीच्या टोकापासून खाली पुढच्या बाजूला प्रकाशाचा एक लखलखीत त्रिकोण. निरोगी पडद्याची ही खूण डॉक्टर आधी शोधतात. पडद्याची रुंदी जेमतेम ९-१० मिलिमीटर, जाडी एका मिलिमीटरचा दहावा भाग, आणि तेवढ्या जाडीत तीन थर: बाहेरून त्वचा, आतून पोकळीचं ओलसर अस्तर आणि मध्ये ताण धरणारे तंतू, काही चाकाच्या आऱ्यांच्या दिशेने गेलेले, काही गोल फिरलेले.

या पडद्यावरची त्वचा एका जागी थांबत नाही, ती चालते. मधल्या बिंदूपासून कडेकडे, आणि तिथून कानाच्या नळीच्या भिंतीवरून बाहेर. वेग दिवसाला सुमारे ०.१ मिलिमीटर. कानातला मळ, धूळ, मेलेल्या पेशी या चालत्या त्वचेवर बसून आपोआप दाराशी येतात. आपण काडी किंवा बड घालतो, तेव्हा तिने दारापर्यंत आणलेलं पुन्हा आत लोटतो.

आणि आता ते नदीतलं वाक्य. हवेतला आवाज पाण्यावर आदळला की जवळजवळ सगळा परत फिरतो, फार थोडा आत जातो. म्हणून पाण्याखालच्या भावंडांना माझ्या हाका ऐकू येत नसत. आपला आतला कानही द्रवाने भरलेला आहे. ऐकण्याच्या सगळ्या पेशी त्या द्रवात बुडालेल्या असतात. म्हणजे आपण प्रत्येक जण, जन्मभर, पाण्याखाली बसून काठावरच्या हाका ऐकायचा प्रयत्न करत असतो. ते जमतं ते पडद्यामुळे आणि त्याला जोडलेल्या तीन हाडांमुळे. पडद्याचा थरथरणारा भाग सुमारे ५५ चौरस मिलिमीटर, आणि साखळीतल्या शेवटच्या हाडाचा, रिकिबीचा, तळवा ३ चौरस मिलिमीटरच्या आसपास. मोठ्या पृष्ठभागावर गोळा झालेलं बळ सतरापट लहान जागी एकवटतं. हाडांच्या तरफेने त्यात थोडी भर पडते आणि दाब एकूण वीसपटीहून जास्त होतो. तेवढा जोर मिळाला की आवाज द्रवात शिरतो. पडद्याला भोक असलं की गोळा करणारा पृष्ठभाग कमी पडतो, शिवाय त्या भोकातून आवाज थेट पोकळीत शिरून पडद्याला मागच्या बाजूनेही ढकलतो.

मग दुर्बीण डाव्या कानात गेली. अर्ध्याहून अधिक पडदा नव्हताच. हातोडीची मूठ अधांतरी लोंबत होती. राहिलेल्या भागावर खडूसारखे पांढरे डाग, जुन्या जंतुसंसर्गांनी मागे ठेवलेले. भोकातून आतली गुलाबी ओलसर भिंत थेट दिसत होती, जी कुणाला कधी दिसायला नको. पण डॉक्टर आतलं काही दाखवत नव्हत्या. त्यांचं बोट स्क्रीनवर भोकाच्या काठावरून फिरत होतं.

"हा काठ बघा. किती गुळगुळीत झालाय. भरून आलाय तो."

मला हे समजायला वेळ लागला, आणि समजल्यापासून मनातून गेलेलं नाही. ताजी जखम असते तेव्हा बाहेरची त्वचा काठावरून पुढे सरकत भोक झाकू लागते. कानफटात बसून किंवा फटाक्याने फाटलेले पडदे बहुतेक असेच काही आठवड्यांत मिटतात, म्हणून अशा वेळी डॉक्टर तीन महिने तरी थांबतात. पण पू वाहत राहिला, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग झाला, की सरकणाऱ्या त्वचेला पुढे वाट मिळत नाही. ती काठावरून आत वळते आणि आतल्या अस्तराला जाऊन भिडते. दोन्ही टोकं जुळतात. शरीराच्या हिशेबी जखम संपली, उघडं मांस कुठेच उरलं नाही, दुरुस्तीचं काम बंद. भोक तसंच राहतं आणि त्याचा काठ मात्र पूर्ण बरा झालेला असतो.

म्हणून फाटलेल्या पडद्यावर नुसतं काहीतरी चिकटवून भागत नाही. पण माणसांनी शतकानुशतकं तेच करून पाहिलं, आणि त्या सगळ्यांबद्दल मला माया वाटते. १६४० साली मार्कुस बान्झर यांनी एका नळीवर डुकराचं मूत्राशय ताणून ती कानात बसवण्याचा उपाय लिहून ठेवला. लंडनच्या जेम्स यर्स्ली यांच्याकडे १८४१च्या सुमारास न्यूयॉर्कहून एक रुग्ण आला. तो कागदाचा तुकडा थुंकीने ओला करून स्वतःच कानात सरकवायचा आणि त्याला बरं ऐकू यायचं. यर्स्लींनी त्यावरून ओल्या कापसाचा बारीक बोळा वापरायला सुरुवात केली. मला त्या अनाम रुग्णाचं फार वाटतं. किती रात्री तो असा कागद घेऊन बसला असेल, आणि पहिल्यांदा शब्द स्पष्ट झाला तेव्हा कुणाला सांगायला धावला असेल! १८५३मध्ये जोसेफ टॉयन्बी यांनी रबराची पातळ चकती चांदीच्या तारेला लावून कृत्रिम पडदा केला. टॉयन्बी यांनी मेलेल्या माणसांच्या शेकडो कानांचा अभ्यास करून कानाच्या आजारांचं शास्त्र उभं केलं आणि १८६६मध्ये कानातल्या आवाजांवर उपाय शोधण्यासाठी स्वतःवरच क्लोरोफॉर्म आणि प्रुसिक आम्लाचा प्रयोग करताना त्यांचा मृत्यू झाला.

बोस्टनचे क्लॅरेन्स ब्लेक पडद्यावर कागदाची चकती लावत. हा उपाय लहान, ताज्या भोकांसाठी आजही वापरात आहे. कागद आधार देतो, त्याच्या पाठीवरून त्वचा सरकते. याच ब्लेक यांनी १८७४मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना एका मृत माणसाचा कान मिळवून दिला होता. बेलनी त्याच्या हाडाला गवताची काडी लावली, कानात बोलले, आणि काजळी धरलेल्या काचेवर त्या काडीने आवाजाच्या रेषा ओढल्या. इतका पातळ पडदा जर हाडं हलवू शकतो, तर त्याहून जाड पडदा पोलादाचा तुकडा का हलवणार नाही, या विचारापासून टेलिफोन फार दूर नव्हता. आपण फोनवर बोलतो त्यामागे कुणा अज्ञात मृताच्या कानाचा पडदा आहे.

काठाचं मर्म पहिल्यांदा कृतीत आणलं ते जर्मनीतल्या एमिल बेर्टहोल्ड यांनी, १८७८ साली. त्यांनी राहिलेल्या पडद्यावरचा वरचा थर आधी काढला, जागा कच्ची केली आणि मग तिथे त्वचेचा तुकडा बसवला. कल्पना बरोबर होती, पण काळाच्या पुढची. प्रतिजैविकं नव्हती, आणि डोळ्यांना नीट दिसत नव्हतं. १९२१मध्ये स्टॉकहोमच्या कार्ल-ओलोफ नीलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला. १९५०च्या दशकात जर्मनीत व्हुलश्टाइन आणि त्झोलनर यांनी पडदा आणि हाडांची साखळी दोन्ही पुन्हा उभी करण्याची पद्धत घालून दिली, आणि १९५३मध्ये झाइस कंपनीचा शस्त्रक्रियेसाठीचा सूक्ष्मदर्शक बाजारात आला. तेव्हाही पडद्यासाठी त्वचाच वापरत. पण त्वचा आपला स्वभाव सोडत नाही. ती कोंडा टाकते, ओलसर जागी सडते, सुटून जाते. आणि तिचा एखादा कण पडद्याच्या आतल्या बाजूला अडकला तर तिथे कोंड्याची गाठ वाढू शकते, जी हळूहळू हाड खाते. तिला डॉक्टर कोलेस्टिॲटोमा म्हणतात आणि तिला घाबरतात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस नवी वस्तू सापडली, आणि ती कानापासून दोन बोटांवर होती.

दात घट्ट आवळून कानशिलावर हात ठेवा. जो स्नायू टणक होतो, त्याच्यावर एक पातळ आवरण असतं, फॅशिया. त्यातला तुकडा काढून घेतला तर चावायला, हसायला, बोलायला काही अडत नाही. त्याला रक्ताची गरज फार कमी. नव्या जागी लावलं की आजूबाजूच्या ओलाव्यावरच ते पहिले दिवस तग धरतं. शरीर त्याला परकं मानत नाही, कारण ते परकं नाहीच.

माझं ऑपरेशन लोकल भूल देऊन झालं. कुड्या काढल्या, कानामागे केसांची एक पट्टी काढली, तोंडावर हिरवं कापड आलं. "ताई, मान हलवायची नाही, दुखलं तर तोंडाने सांगा," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी माझा हात धरला, तो शेवटपर्यंत. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून होणारं रेकॉर्डिंग नंतर मला दाखवलं, म्हणून त्या दिवशी कानाने ऐकलेलं आणि पुढे डोळ्यांनी पाहिलेलं मी आता एकत्र सांगू शकते.

कानामागच्या चिरेतून फॅशिया काढताना कात्रीचा आवाज हाडातून आला, अगदी जवळून. तो ओला तुकडा एका पाटीवर पसरून, वरचं मांस खरवडून सुकत ठेवला. सुकल्यावर तो कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ झाला, कडक आणि किंचित पिवळसर. तो वाळेपर्यंत काठाचं काम. बारीक वाकड्या सुईने डॉक्टरांनी भोकाच्या सगळ्या काठाभोवती टोचे घेतले, एकाला लागून एक, आणि मग ते गुळगुळीत पांढरं कडं ओढून काढलं. प्रत्येक टोचा मला ऐकू आला. स्क्रीनवर दिसलं की कडं निघाल्यावर काठ लाल झाला, रक्ताचे बारीक ठिपके आले. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्या जागेला कळलं की आपण उघडे आहोत. शोषून घेणारी नळी कानात आली की धबधब्याखाली उभं राहिल्यासारखा गडगडाट व्हायचा आणि थंडाव्याने डोकं गरगरायचं. "दीर्घ श्वास घ्या, थांबेल आत्ता," डॉक्टर म्हणायच्या, आणि थांबायचं.

मग कानाच्या नळीच्या त्वचेला मागच्या बाजूने चीर देऊन त्यांनी ती उचलली, आणि तिच्यासोबत राहिलेला पडदाही कडेच्या खोबणीतून सोडवून पुस्तकाच्या पानासारखा पुढे उलटला. पोकळी उघडी पडली. तिथे आडवा जाणारा एक पांढरा धागा दिसला. त्याला जरासा धक्का लागला आणि माझ्या जिभेच्या डाव्या कडेवर लोखंडाची चव आली. जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडे नेणारी नस पडद्याच्या मागून, हाडांच्या मधून जाते. शरीराची रचना कुणी कागदावर आखली असती तर ती तिथून नेली नसती. पण ती तिथेच आहे आणि कानाच्या प्रत्येक सर्जनला तिला जपत काम करावं लागतं. त्यांनी हातोडीला अगदी हलका स्पर्श केला. मला तोफ उडाल्यासारखं वाटलं. "साखळी हलतेय," त्या सहकाऱ्याला म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला आनंद मी कापडाखालून ऐकला.

पोकळीत विरघळणाऱ्या स्पंजचे तुकडे बसवले, आधारासाठी. त्यावर फॅशिया सरकवला, हातोडीच्या मुठीच्या आणि राहिलेल्या पडद्याच्या खालून. याला अंडरले म्हणतात. उलटलेलं पान पुन्हा जागी ठेवलं, वरून पुन्हा स्पंज. पडद्याला एकही टाका घातला नाही. टाके पडले ते फक्त कानामागच्या कातडीला.

तंत्रं आणखी आहेत. काही सर्जन ग्राफ्ट, म्हणजे बसवायचा तुकडा, पडद्याच्या बाहेरच्या अंगाला ठेवतात. त्यात पुढची बाजू चांगली सांभाळता येते, पण त्वचेचा कण खाली अडकण्याचा आणि नवा पडदा हातोडीपासून दूर सरकण्याचा धोका असतो. अगदी छोट्या भोकात कानाच्या पाळीतली चरबीची गोळी बसवूनही काम होतं. ज्यांची घशाकडची नळी नीट चालत नाही किंवा ज्यांचा ग्राफ्ट एकदा निसटला आहे, त्यांच्यासाठी कानाच्या पुढच्या टेंभीतलं कूर्चेचं पातळ पान वापरतात. ते ताठ असतं, आत ओढलं जात नाही. अलीकडे पुष्कळ सर्जन दुर्बिणीने, कानामागे चीर न देता, हे सगळं कानाच्या नळीतूनच करतात. कुठलं तंत्र कुणाला, हे भोक कुठे आहे, किती आहे आणि कान किती दिवस कोरडा आहे यावर ठरतं. चांगल्या हातात दहातले नऊ पडदे मिटतात, असं माझ्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि दहावा का मिटत नाही तेही.

ग्राफ्ट स्वतः पडदा होत नाही, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. तो नुसता आधार धरून पडून राहतो. लाल झालेल्या काठावरून बाहेरची त्वचा त्याच्यावर सरकत येते, खालून आतलं अस्तर सरकतं, काठातून बारीक रक्तवाहिन्या शिरतात. सर्जनने काठ जागा केला, पुढचं शरीर करतं, आणि शरीराला त्यासाठी आठवडे लागतात. त्या काळात नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, ओझं उचलायचं नाही, कानात पाण्याचा थेंब नाही. चहाला लोखंडाची चव यायची. कानाचा वरचा भाग बधिर होता, विंचरताना कंगवा लागलेला कळायचा नाही. पट्टी काढली तेव्हा आनंदाचा असा काही क्षण आला नाही, कारण कान स्पंजने भरलेला होता आणि पूर्वीपेक्षाही कमी ऐकू येत होतं. घाबरून फोन केला तर डॉक्टर म्हणाल्या, "असंच असतं. वाट बघा."

मग एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते आणि कुकरची शिट्टी झाली. मी हातातली मेथी खाली न ठेवता म्हटलं, "वरच्यांचा आहे." मग माझी मीच थबकले. वरून आणि डावीकडून आला होता आवाज. त्याला जागा होती. पुढच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, हवेतून ऐकण्याची रेघ हाडातून ऐकण्याच्या रेघेपर्यंत जवळजवळ जाऊन भिडलेली दिसली. सवयी मात्र अजून तशाच आहेत. रस्त्यात मी आजही माणसाच्या डावीकडे जाते, कुणी बोलू लागलं की मान डावीकडे वळते आणि उजवा कान पुढे होतो. आमचे हे हल्ली मुद्दाम माझ्या डाव्या बाजूने येऊन बोलतात.

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा शेजारच्या घरातली एक मुलगी अंगणात खेळत होती. कानात कापूस. "पावसाळ्यात वाहतो तिचा कान, मोठी झाली की थांबेल," तिची आई म्हणाली. मी तिच्याजवळ बसून जे सांगितलं तेच इथे लिहिते. दोन आठवड्यांहून जास्त वाहणारा कान हा दुर्लक्ष करण्याचा आजार नव्हे. स्राव थोडाच पण घाण वासाचा असेल, चक्कर येत असेल, चेहऱ्याची एक बाजू ओढल्यासारखी वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका, कारण आत हाड खाणारी गाठ असू शकते. तेल, लसणाचा रस, काडी, बड यांतलं काहीही कानात घालू नका. अंघोळीला व्हॅसलीनचा बोळा लावा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत कानाचा विभाग असतो आणि पडद्याचं ऑपरेशन तिथेही होतं. मुलीला घेऊन जा, नादकाटा कपाळावर टेकवू द्या. तिचा आतला कान बहुधा जागाच असेल.